चार धारांचा हिशेब : कार्बाइड इन्सर्टची निवड आणि वापर

भुसावळहून वरणगावकडे जुन्या महामार्गाने निघाले की दीपनगरच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. वीज म्हटली की आपल्याला कोळसा, बॉयलर आणि टर्बाइन आठवते. टर्बाइनचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणून आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते. पण तो रोटर, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपांचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्पिंडल, कपलिंग, स्लीव्ह हे सगळे कधी ना कधी कुठल्या तरी लेथवर कापले गेलेले असते. आणि ते पोलाद कापणारे हत्यार असते अंगठ्याच्या नखाएवढे. त्याला इन्सर्ट म्हणतात. आपल्याकडचे जुने टर्नर अजूनही त्याला ‘टिप’ किंवा ‘विडिया’ म्हणतात.

दीपनगर, भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना, जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहती, जिनिंग, तेलगिरण्या आणि गावोगावची पंपदुरुस्तीची दुकाने यांमुळे खानदेशात लेथवर पोट असलेली माणसे थोडीथोडकी नाहीत. माझीही बरीच वर्षे लेथवर आणि पुढे शिकाऊ मुलांना शिकवण्यात गेली. या अनुभवातून एक गोष्ट ठाम झाली. इन्सर्ट महाग पडतो तो त्याच्या किमतीमुळे नव्हे. तो चुकीच्या जॉबला लावला जातो आणि त्याच्या न वापरलेल्या धारा भंगारात जातात, म्हणून तो महाग पडतो. हे कसे, ते या लेखात पाहू.

दिव्यातून जन्मलेले हत्यार

कार्बाइडचा इतिहास विजेच्या दिव्याशी जोडलेला आहे. दिव्यातली तार टंगस्टनची. ती ओढून बारीक करायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी हिऱ्याला पर्याय शोधताना टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्ट या धातूत बांधून एक कठीण पदार्थ तयार केला. त्याच्या पेटंटसाठीचा अर्ज १९२३ चा. पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला आणि १९२७ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडला. ‘वी डियामांट’ म्हणजे जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखे’. आपल्या टर्नरच्या तोंडी असलेला ‘विडिया’ हा शब्द असा जर्मनीहून आलेला आहे. साठच्या दशकात पुण्याजवळ दापोडीला स्वीडनच्या सँडविकने आणि बेंगळुरूला विडियाने कारखाने सुरू केले, आणि हे हत्यार भारतातच बनू लागले.

इन्सर्ट बनतो कसा? कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी एकत्र दळतात, साच्यात दाबतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. कोबाल्ट वितळून कणांना धरून ठेवतो आणि तुकडा आकसून घट्ट होतो. लाडवात पाक जे काम करतो, तेच इथे कोबाल्ट करतो. पाक जास्त झाला तर लाडू मऊ होतो, पण फुटत नाही. कमी पडला तर कडक होतो, पण धक्क्याने भुगा होतो. इन्सर्टचेही तसेच आहे. कोबाल्ट कमी असेल तर तो कठीण आणि झीज सोसणारा होतो, जास्त असेल तर चिवट आणि धक्का सोसणारा होतो. दोन्ही गुण पूर्णपणे एकाच तुकड्यात मिळत नाहीत. निवडीचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

साधे हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांच्या पुढे मऊ पडते. कार्बाइड ९०० अंशांच्या आसपासही धार टिकवतो. म्हणून जिथे हायस्पीडच्या हत्याराने मिनिटाला २५-३० मीटर वेगाने माइल्ड स्टील कापत असू, तिथे कोटिंग केलेला इन्सर्ट १५० ते २५० मीटरने कापतो.

माझ्या हातून बिघडलेला शाफ्ट

पुढचे सगळे समजावे म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. मी तेव्हा एका लहान वर्कशॉपमध्ये नवा टर्नर होतो. एप्रिल महिना. केळीवाल्या एका शेतकऱ्याच्या पंपाचा स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट खराब झाला होता. खानदेशातला एप्रिल आणि केळीची बाग ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पाणी बंद पडणे म्हणजे काय हे सांगायला नको. तो माणूस लेथशेजारी स्टुलावर बसून होता.

होल्डरवर आधीपासून बिडाच्या कामाचा इन्सर्ट लावलेला होता. मी तोच ठेवला. स्टेनलेस ‘वाईट’ असते एवढे ऐकून होतो, म्हणून भीतीने वेग ३०० फेऱ्यांवर ठेवला, फीड बारीक केला आणि कट फक्त एक दशांश मिलिमीटरचा घेतला. पहिली धार फुटली. दुसरी फुटली. तिसरीला शाफ्टवर खरवडल्यासारखे ओरखडे उठले आणि बेअरिंगची जागा मापाखाली गेली. नवा बार जळगावहून आणावा लागला. पंप आणखी दोन दिवस बंद राहिला. त्या माणसाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्याचे काही न बोलणेच मला जास्त लागले.

शेजारच्या दुकानात एक वयस्कर टर्नर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी फुटलेला इन्सर्ट भिंगाखाली धरला आणि म्हणाले, “अरे भाऊ, हत्यार वाईट नाही. तू त्याला कापायला लावलंच नाहीस, घासायला लावलंस.” त्या एका वाक्यात माझ्या चारही चुका होत्या. त्या एकेक करून पाहू.

पहिला प्रश्न : जॉब कशाचा आहे?

इन्सर्टच्या डबीवर रंग आणि अक्षर असते. निळा ‘पी’ म्हणजे पोलाद, पिवळा ‘एम’ म्हणजे स्टेनलेस, लाल ‘के’ म्हणजे बीड, हिरवा ‘एन’ म्हणजे ॲल्युमिनियम, पितळ यांसारखे धातू, तपकिरी ‘एस’ म्हणजे उष्णता सोसणारे मिश्रधातू आणि टायटॅनियम, करडा ‘एच’ म्हणजे पाणी दिलेले कडक पोलाद. ही आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, कंपनी कोणतीही असो.

अक्षरापुढे आकडा असतो. पी १० किंवा पी १५ हा कठीण प्रकार, तो सलग आणि वेगवान कटासाठी. पी ३५ किंवा पी ४० हा चिवट प्रकार. कीवे असलेला शाफ्ट, वेल्डिंगने भरलेला जॉब, ओबडधोबड फोर्जिंग अशा धक्क्याच्या कामाला तो लागतो. आपल्या भागात दुरुस्तीची कामे जास्त, म्हणजे वेल्डिंगवर कट मारण्याची कामे जास्त. तिथे ‘सगळ्यात कडक ग्रेड द्या’ असे दुकानदाराला सांगणे ही हमखास होणारी चूक आहे.

धातूंच्या स्वभावातच फरक आहे. बिडाचा चिप तुटक आणि भुकटीसारखा पडतो, म्हणून बिडाच्या इन्सर्टची धार मजबूत आणि काहीशी बोथट ठेवलेली असते. स्टेनलेसचा चिप चिकट आणि चिवट, आणि वरून घासले तर त्याचा पृष्ठभाग आणखी कडक होतो. त्याला धारदार इन्सर्ट लागतो. माझी पहिली चूक ही होती.

दुसरा प्रश्न : आकार आणि कोपरा

सर्वांत जास्त दिसणारा इन्सर्ट म्हणजे सीएनएमजी १२०४०८. हे नाव एकदा वाचता आले की बाकीची आपोआप वाचता येतात. ‘सी’ म्हणजे ८० अंशांच्या कोनाचा समभुज चौकोन. ‘एन’ म्हणजे बाजू सरळ उभ्या, उतार शून्य. ‘एम’ हा मापातल्या अचूकतेचा वर्ग. ‘जी’ म्हणजे मध्ये भोक आणि दोन्ही अंगांना चिप तोडणारी खाच. १२ ही धारेची लांबी मिलिमीटरमध्ये, ०४ म्हणजे ४.७६ मिलिमीटर जाडी आणि ०८ म्हणजे कोपऱ्याची गोलाई ०.८ मिलिमीटर. वरच्या अंगाचे दोन आणि खालच्या अंगाचे दोन असे ८० अंशांचे चार कोपरे, म्हणजे चार धारा. डब्ल्यूएनएमजी आणि टीएनएमजीला सहा धारा मिळतात. सीसीएमटी या प्रकाराला बाजूंना सात अंशांचा उतार असतो, म्हणून तो उलटा लावता येत नाही आणि त्याला दोनच धारा असतात.

मग दोन धारांचा इन्सर्ट घ्यावाच का? कारण तो हलका कापतो. सरळ बाजूंचा इन्सर्ट होल्डरमध्ये पुढे झुकवून बसवलेला असतो. तो जॉबला जोराने ढकलतो, त्याला दणकट मशीन लागते. स्लाइडमध्ये खेळ असलेली जुनी लेथ, पंपाचा बारीक लांब शाफ्ट किंवा आतून बोअरिंग अशा ठिकाणी तो जॉबला वाकवतो आणि थरथर सुरू होते. तिथे सीसीएमटीच्या दोन धारा सीएनएमजीच्या चार धारांपेक्षा स्वस्त पडतात.

कोपऱ्याची गोलाई मोठी असेल तर धार मजबूत होते आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. त्याचा हिशेब सोपा आहे : फीडचा वर्ग भागिले गोलाईची आठपट. फीड ०.२ आणि गोलाई ०.८ असेल तर पृष्ठभागावरच्या रेषांची उंची साधारण ६ मायक्रॉन येते. फीड निम्मा केला तर ती चौथाईवर, दीड मायक्रॉनवर येते. पण गोलाईला एक अट आहे. कटाची खोली गोलाईच्या निदान दोन तृतीयांश हवी. ०.८ च्या गोलाईने ०.१ चा कट घेतला की धार कापत नाही, घासते. माझी दुसरी चूक ही. शेवटचा बारीक कट घ्यायचा असेल तर ०.४ गोलाईचा इन्सर्ट लावावा आणि कटही त्याच मापाने धरावा.

तिसरा प्रश्न : चिप कसा पडतो?

इन्सर्टवरची नक्षी शोभेची नसते. ती चिपला वळवून तोडण्यासाठी असते. फिनिशिंगची नक्षी बारीक, रफिंगची रुंद. प्रत्येक नक्षी ठरावीक फीड आणि खोलीच्या टप्प्यातच काम करते. पोलाद कापताना चिप इंग्रजी सहा किंवा नऊच्या आकड्यासारखे तुटून पडले तर सगळे जुळले असे समजावे. लांब फितीसारखा चिप जॉबला गुंडाळला जात असेल तर बहुतेक वेळा फीड कमी पडतो आहे. नवा माणूस घाबरून फीड आणखी कमी करतो आणि गुंता वाढतो. ही माझी तिसरी चूक. अशी फीत हाताने ओढू नये. मशीन थांबवून आकड्याने काढावी. तिने बोटे गेलेली माणसे आहेत.

चौथा प्रश्न : वेग

वेग फेऱ्यांवर मोजायचा नसतो, धारेसमोरून मिनिटाला किती मीटर धातू जातो त्यावर मोजायचा असतो. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला ३.१४ ने आणि फेऱ्यांनी गुणावे, आलेल्या उत्तराला १००० ने भागावे. माझा शाफ्ट २५ मिलिमीटरचा होता. ३०० फेऱ्यांना वेग येतो २३ ते २४ मीटर. कार्बाइडला हा वेग फार कमी आहे. अशा वेळी चिपचा चिकट धातू धारेवर साचतो, डाकल्यासारखा बसतो आणि सुटताना धारेचा तुकडा घेऊन जातो. माझी चौथी चूक.

इथे खानदेशातल्या लहान वर्कशॉपची खरी अडचण आहे. २० मिलिमीटरच्या शाफ्टला १५० मीटर वेग द्यायचा तर सुमारे २४०० फेरे हवेत. जुनी लेथ १००० च्या पुढे जात नाही, म्हणजे ६३ मीटरवर थांबते. सीएनसीसाठी बनवलेला जाड कोटिंगचा इन्सर्ट इथे लावून उपयोग नाही. कोटिंगचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक सुमारे १००० अंशांना चढवलेला जाड थर, तो वेगवान आणि गरम कामाला चांगला. दुसरा सुमारे ५०० अंशांना चढवलेला पातळ थर, त्यात धार तीक्ष्ण राहते. कमी वेग, बारीक व्यास आणि स्टेनलेस असेल तर पातळ थराचा चिवट ग्रेड मागावा. आणि फारच बारीक व्यास असेल तर हायस्पीडचे हत्यार काढायला कमीपणा मानू नये.

वेग वाढवण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांनी जवळजवळ २६ वर्षे धातू कापण्याचे प्रयोग करून १९०६ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. वेग आणि धारेचे आयुष्य यांचा संबंध त्यांनी सूत्रात बसवला. त्या सूत्रानुसार कार्बाइडचा वेग २० टक्क्यांनी वाढवला की धारेचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून वेळ वाचवायचा असेल तर आधी कटाची खोली वाढवावी, मग फीड आणि सर्वांत शेवटी वेग.

झिजलेली धार वाचावी

आप्पांनी मला भिंग वापरायला शिकवले. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि टाकून दिलेला इन्सर्ट एवढ्यावर निम्मे निदान होते.

धारेखाली बाजूला एकसारखी चकचकीत पट्टी दिसली तर ती नैसर्गिक झीज. साधारण ०.३ मिलिमीटर झाली की धार बदलावी. पट्टी फार लवकर येत असेल तर वेग कमी करावा किंवा अधिक कठीण ग्रेड घ्यावा. वरच्या अंगाला खड्डा पडला असेल तर उष्णता जास्त आहे. धारेवर धातू साचला असेल तर वेग वाढवावा किंवा अधिक धारदार इन्सर्ट घ्यावा. धारेचे बारीक टवके गेले असतील तर थरथर होते आहे, होल्डर फार बाहेर काढला आहे किंवा ग्रेड जास्तच कडक आहे. धारेला आडव्या अशा कंगव्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते गरम-थंड होण्याचे लक्षण. कुलंट थांबून थांबून पडत असेल तर असे होते. द्यायचा तर भरपूर आणि सतत द्यावा, नाही तर अजिबात देऊ नये. मिलिंगमध्ये कोटिंगचा इन्सर्ट पुष्कळदा कोरडाच चांगला चालतो.

याशिवाय काही साध्या सवयी आहेत. इन्सर्ट बसवण्याआधी बैठक पुसावी. खाली चिपचा कण राहिला तर पहिल्याच कटाला इन्सर्ट फुटतो. खालचा शिम फुटका नाही ना, ते पाहावे. धार जॉबच्या मध्यरेषेवर आहे याची खात्री करावी. वापरलेल्या धारेवर मार्करने खूण करावी. खूण नसल्यामुळे तीन धारा वापरून चौथी तशीच भंगारात गेलेली मी कित्येक डब्यांत पाहिली आहे. आणि इन्सर्ट ग्राइंडरवर कोरडा घासू नये. कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

पैशांचा हिशेब

आकडे समजण्यापुरते धरू. चांगला इन्सर्ट ३०० रुपयांचा, चार धारा, म्हणजे धारेला ७५ रुपये. स्वस्त इन्सर्ट १६० रुपयांचा, धारेला ४० रुपये. जॉबला चार मिनिटे लागतात. चांगली धार २० मिनिटे टिकते, म्हणजे पाच जॉब होतात. स्वस्त धार आठ मिनिटे टिकते, दोन जॉब होतात. जॉबमागे धारेचा खर्च अनुक्रमे १५ आणि २० रुपये झाला. आता धार बदलून माप पुन्हा जुळवायला दोन मिनिटे लागतात आणि मशीन-माणसाचा खर्च तासाला ४०० रुपये आहे असे धरा. एका बदलाला सुमारे १३ रुपये पडतात. ते वाटून टाकले की चांगल्या इन्सर्टचा जॉबमागे खर्च १८ रुपयांच्या आत राहतो आणि स्वस्ताचा २६-२७ रुपयांवर जातो. बिघडलेला जॉब यात धरलेलाच नाही.

हा हिशेब उलटाही होतो. महिन्याला पाच-दहा जॉब निघणाऱ्या दुकानात दहा प्रकारचे भारी इन्सर्ट आणून ठेवणे हाही तोटाच. तिथे पोलादासाठी एक मध्यम चिवट ग्रेड, स्टेनलेससाठी एक धारदार आणि बिडासाठी एक एवढे पुरते. प्रत्येक डबीवर चाललेला वेग, फीड आणि जॉब लिहून ठेवला की सहा महिन्यांत दुकानाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. तो कोणत्याही कंपनीच्या पुस्तकापेक्षा उपयोगी असतो, कारण तो आपल्या मशीनचा असतो.

भंगारातले टंगस्टन

शेवटचा मुद्दा दुकानाबाहेरचा. जगातल्या टंगस्टनचे सुमारे ८० टक्के उत्पादन एकट्या चीनमध्ये होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या काही प्रकारांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि जगभर भाव चढले. राजस्थानातील डेगानाची आपली जुनी खाण १९९० च्या दशकात बंद पडली. आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना भागात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. तरी आज आपल्याला लागणारे टंगस्टन मुख्यतः बाहेरूनच येते.

सीएनएमजी १२०४०८ चे वजन नऊ-दहा ग्रॅम. शंभर वापरलेले इन्सर्ट म्हणजे जवळजवळ एक किलो कार्बाइड. तो वितळलेल्या जस्ताच्या किंवा रासायनिक प्रक्रियेने पुन्हा भुकटी करून नव्या इन्सर्टमध्ये वापरता येतो, म्हणून त्याला लोखंडी भंगाराच्या कितीतरी पट भाव असतो. तरीही अनेक दुकानांत तो लोखंडी चिपच्या ढिगात झाडला जातो. ओळखायला सोपा आहे : हातात घेतला की त्याच मापाच्या लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. लेथशेजारी एक रिकामा डबा ठेवावा. चारही धारांवर खूण झाली की इन्सर्ट त्यात टाकावा आणि वर्षातून एकदा वजनावर विकावा.

मी शिकवत असताना मुलांकडून पहिल्या आठवड्यात लेथ चालवून घेत नसे. त्यांच्या हातात भिंग आणि जुन्या इन्सर्टचा डबा देत असे आणि विचारत असे : कोणती धार झिजली, कोणती फुटली, कोणती वापरलीच नाही? ज्या मुलाला हे सांगता येऊ लागे, त्याच्या हातून पुढे फारसा जॉब बिघडत नसे. केळीवाला शाफ्ट मी पुन्हा नीट केला तो आप्पांनी दिलेल्या एका धारदार इन्सर्टने, ९०० फेऱ्यांवर, पोटभर कट देऊन. एकाच धारेत तो झाला. उरलेल्या धारा मी खूण करून जपून ठेवल्या होत्या, आणि पुढच्या तिन्ही-चारी शाफ्टना त्या पुरल्या.